भोकाचा रुपया

नाणी जमवणाऱ्या लोकांमध्ये 'होल्ड' हा शब्द शिवीसारखा उच्चारला जातो. नाण्याला भोक आहे, म्हणजे ते मेलं. कुणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचा फोटो टाकला आणि वरच्या कडेला बारीकसं छिद्र दिसलं की खाली दोनच प्रतिक्रिया येतात: 'स्क्रॅप' आणि 'मेल्ट व्हॅल्यू'. भोक नसून कडी डागलेली असेल, किंवा कडी काढल्यावर टाक्याचा काळा ठिपका उरला असेल, तरी निकाल तोच. मला या निकालाशी भांडायचं आहे. कारण मी सडक अर्जुनीचा आहे, गोंड आहे, आणि आमच्या भागातल्या बायांनी गळ्यात घातलेला जवळजवळ प्रत्येक रुपया या नियमाने स्क्रॅप ठरतो.

दोन वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका नाणे प्रदर्शनात एक टेबल पाहिलं. काचेखाली निळ्या मखमलीवर मेक्सिकोचं मोठं चांदीचं नाणं ठेवलेलं: पाच पेसो, १९४८, पिसांचा मुकुट घातलेला एक योद्धा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'अ‍ॅझ्टेक वारसा'. भाव चांदीच्या किमतीच्या कितीतरी वर. आणि त्याच टेबलाखाली, विक्रेत्याच्या पायाशी, स्टीलच्या परातीत भोकाचे रुपये पडलेले होते. दोनेकशे तरी असतील. काहींमध्ये अजून काळा दोरा अडकलेला. भाव विचारला तर म्हणाला, "ते किलोवर जातात. तुम्हाला काही चांगलं दाखवू का?"

हा माणूस वाईट नव्हता. तो बाजाराच्या नियमाने चालला होता. म्हणूनच त्याच्यावर न चिडता नियमावर चिडायला हवं.

आधी काचेखालच्या योद्ध्याबद्दल. त्याचं नाव क्वाउतेमोक, अ‍ॅझ्टेकांचा शेवटचा सम्राट. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडलं, तो स्पॅनिशांच्या हाती लागला, आणि सोनं कुठे दडवलं आहे हे सांगावं म्हणून त्याचे पाय जाळले गेले. १५२५ मध्ये कोर्तेसने त्याला फाशी दिलं. चारशेहून जास्त वर्षांनी, १९४७ आणि १९४८ मध्ये, मेक्सिकोच्या सरकारने त्याचा चेहरा नाण्यावर घेतला. नाणं ३० ग्रॅमचं, नव्वद टक्के चांदीचं. म्हणजे २७ ग्रॅम शुद्ध चांदी, आपल्या इंग्रजी रुपयाच्या भाषेत साधारण अडीच रुपये. धातूसाठी ज्याचे पाय भाजले, त्याचा सन्मान धातूवरच. संग्राहकांना यातली विसंगती बोचत नाही, कारण नाणं दिसायला देखणं आहे आणि त्याला भोक नाही.

मी मेक्सिकोला नावं ठेवत नाही. निदान त्यांनी हा चेहरा लोकांच्या खिशात तरी पोचवला. १९९२ नंतरच्या त्यांच्या पेसोंच्या कडेवरची नक्षी अ‍ॅझ्टेकांच्या सूर्यशिलेवरून घेतलेली आहे. भाजी घेताना सुटे मोजणाऱ्या माणसाच्या बोटांनाही ती लागते. माझी तक्रार आपल्या इथल्या हौशी लोकांबद्दल आहे. सात समुद्रापलीकडच्या मूलनिवासी राजाचं चित्र असलेलं नाणं त्यांना वारसा वाटतं, आणि साकोली-देवरीच्या मधल्या रस्त्यालगतच्या गावांतल्या बाईच्या गळ्यातून उतरलेला रुपया कचरा वाटतो.

गंमत म्हणजे दोन्हींतली चांदी नात्यातली असू शकते. त्या काळी भारतात चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. मुघलांचा रुपया ज्या चांदीचा पडायचा, तिचा मोठा भाग स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेतून येत होता. मेक्सिकोतल्या झकातेकासची चांदी १५४६ मध्ये सापडली, बोलिव्हियातलं पोतोसी त्याच सुमाराचं. ती चांदी कधी युरोपमार्गे, कधी मनिलामार्गे आशियात यायची. सुरतेला उतरली की टांकसाळीत जाऊन रुपया व्हायची. पुढे कंपनीच्या काळातही स्पॅनिश आणि मेक्सिकन डॉलर मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत वितळत राहिले. चांदीला मागचा जन्म आठवत नाही, त्यामुळे कुठल्या रुपयात कुठल्या डोंगराचा अंश आहे हे कुणी सांगू शकत नाही. पण क्वाउतेमोकच्या मुलखातली चांदी आमच्या आज्यांच्या गळ्यापर्यंत पोचली असेल, हे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

आता आमच्याकडे हा रुपया आला कसा? आमच्या गावाच्या नावातच उत्तर आहे. अर्जुन्या दोन, एक मोरगावची आणि एक सडकेवरची. नागपूरहून रायपूरकडे जाणारी ही सडक आज राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, थोरले लोक अजून 'सहा नंबर' म्हणतात. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, आणि मग या सडकेवरून कारकून आले, मोजणीदार आले, मालगुजारी आली. जंगलात राहणाऱ्या माणसाला रुपयाची गरज फारशी नव्हती. मीठ आणि कापड आठवडी बाजारात लाख, मोहफूल, डिंक देऊन मिळत होतं. रुपयाची गरज सरकारने निर्माण केली. सारा रोख हवा. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर ज्या जंगलातून लाकूड फुकट यायचं, तिथे फी. मोहाची दारू घरात गाळली तर गुन्हा, दुकानातून घ्यायची तर रोख. रुपया आमच्याकडे आला तो मागणी म्हणून, त्याच्यावर एका परक्या बाईचा चेहरा घेऊन.

आणि आमच्या बायांनी त्या चेहऱ्याच्या वर भोक पाडून त्यात दोरा ओवला.

छत्तीसगडकडे या माळेला रुपयामाळ म्हणतात, कुठे हमेल म्हणतात, आमच्या घरी नुसतं 'रुपये' म्हणत. "रुपये घातले का?" म्हणजे लग्नाला निघायची तयारी झाली का. माझ्या आजीच्या माळेत एकवीस होते. मधोमध १८४० चा, ज्यावर राणी अजून तरुण आहे आणि फक्त 'क्वीन' आहे. मग १८६२ चे, मग १८७७ नंतरचे 'एम्प्रेस' वाले, मग एडवर्ड, मग पंचम जॉर्ज. शेवटी एक १९४७ चा, वाघाचा, निकेलचा. तो आजीला आवडायचा नाही. दगडावर टाकून दाखवायची: चांदीचा खणखणतो, हा बद्द वाजतो. चाळीसच्या दशकातल्या अर्ध्या चांदीच्या रुपयालाही ती असंच नाक मुरडायची. तिला वाचता येत नव्हतं. पण इंग्रजांनी १९४० मध्ये रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० वर आणली, हे तिच्या कानाला ठाऊक होतं.

'ती त्यांची बँक होती' असं या माळांबद्दल नेहमी म्हटलं जातं. म्युझियमच्या पाट्यांवर, मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत, इन्स्टाग्रामवरच्या 'ट्रायबल ज्वेलरी' पोस्टखाली. वाक्य अर्धं खरं आहे, आणि अर्धी खरी वाक्यं जास्त त्रास देतात. हिशोब करून बघा. इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा, एक तोळा. शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १८९३ पर्यंत कुणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, त्यामुळे रुपया आणि त्यातली चांदी यांची किंमत जवळपास सारखी राहायची. १८९३ मध्ये सरकारने हा दरवाजा बंद केला. जगात चांदी घसरत गेली, रुपयाचा भाव मात्र सरकारने धरून ठेवला. आता रुपया चलन म्हणून महाग आणि धातू म्हणून स्वस्त. त्यात १९०६ च्या नाणे कायद्यात अट अशी, की रुपया चलन म्हणून ग्राह्य धरायचा तर तो विद्रूप केलेला नसावा. म्हणजे १९०७ साली एखाद्या बाईने एडवर्डच्या कोऱ्या रुपयाला भोक पाडलं, तर त्या क्षणी तिच्या हातातली किंमत खाली आली. बँकेत पैसे ठेवताना असं कोण करतं? पुरायचाच असता तर मडक्यात घालून चुलीखाली पुरला असता, तशी पद्धत होतीच.

तिने भोक पाडलं, कारण तिला तो रुपया परत द्यायचा नव्हता. सावकाराला नाही, पटवाऱ्याला नाही, दारूच्या दुकानाला नाही आणि नवऱ्यालाही नाही. भोकाचा रुपया बाजारात चालत नाही, म्हणून घरातला पुरुष तो पटकन उचलून नेऊ शकत नाही. सोनाराकडे जावं लागतं, चार लोकांना कळतं. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे माझ्या डोक्यात हे असं बसतं: तिने त्या नाण्यावरचा व्यवहाराचा अधिकार काढून घेतला आणि मालकी स्वतःच्या नावे केली. एका टोच्याने. साम्राज्याच्या टांकसाळीने पाडलेल्या वस्तूवर आमच्या माणसाने उठवलेला ठसा म्हणजे ते भोक, आणि नाण्याची तीच बाजू संग्राहकांच्या कॅटलॉगला दिसत नाही.

'बँक' म्हणणाऱ्यांनी दुसरी गोष्टही सांगायला हवी, ती म्हणजे ही बँक बुडवली कुणी. १८७७-७८ च्या दुष्काळात दख्खनेतल्या शेतकऱ्यांचे चांदीचे दागिने मुंबईच्या टांकसाळीत ढिगाने आले आणि त्यांचे रुपये झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले तेव्हा मध्य प्रांत, म्हणजे आमचाच मुलूख, सगळ्यात जास्त पोळलेल्या भागांत होता. पण तोवर टांकसाळीचं दार बंद झालं होतं. दागिना मोडला तर मिळणार तो पडलेल्या चांदीचा भाव, आणि धान्य घ्यायचं महागड्या रुपयाने. १८९३ च्या निर्णयाने गरिबाच्या गळ्यातली शिल्लक बसल्या जागी आटवली, हा आरोप त्या काळीच झाला होता, दादाभाई नवरोजींसारख्यांनी केला होता. त्या दोन दुष्काळांतून मोडल्याशिवाय जी माळ बाहेर आली, तिच्यामागे काय काय विकलं गेलं असेल किंवा कोण उपाशी राहिलं असेल, याचा अंदाज करा. मग ती परात आठवा.

आता संग्राहकांचा बचाव ऐकू. ते म्हणतात, ग्रेडिंग ही जगन्मान्य पद्धत आहे. बरोबर. सत्तर गुणांची पट्टी आहे, अमेरिकन कंपन्या नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद करून त्यावर आकडा लिहून देतात. भोक असेल तर आकडा मिळत नाही, नुसतं 'डिटेल्स' लिहून येतं, म्हणजे नापास. ही पट्टी मुळात एका अमेरिकन माणसाने अमेरिकेच्या तांब्याच्या सेंटसाठी बनवली होती. तिचं म्हणणं एवढंच, की टांकसाळीतून बाहेर पडतानाचा क्षण पवित्र, त्यानंतर नाण्याच्या आयुष्यात जे घडलं ते नुकसान. आम्ही कोडमध्ये कधी कधी असा प्रकार करून ठेवतो: 'स्थिती' नावाचा रकाना, त्यात पाच ठरलेले पर्याय, आणि सहाव्या प्रकारची खरी माहिती आली की ती 'इतर'मध्ये ढकलायची. सहा महिन्यांनी कळतं की निम्मा डेटा 'इतर'मध्ये आहे. तेव्हा शहाणा माणूस रकाना बदलतो, डेटाला दोष देत नाही.

आणि ही पट्टी सगळीकडे इमानदारीने लावली जाते असंही नाही. चिनी व्यापाऱ्यांनी खरेपणा तपासून ठसे मारलेले मेक्सिकन आणि स्पॅनिश डॉलर लोक हौसेने जमवतात. त्या ठशांना 'चॉपमार्क' असं भारदस्त नाव आहे, त्यांच्यावर पुस्तकं आहेत. व्यापाऱ्याने ठोकलेली खूण इतिहास, बाईने पाडलेलं भोक नुकसान. हा फरक धातूतला नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग येतो 'सन्मान'. १५ नोव्हेंबर २०२४ ला बिहारमधल्या जमुईत पंतप्रधानांच्या हस्ते बिरसा मुंडांचं स्मारक नाणं निघालं. आमच्या बाबूराव शेडमाकेंचं पोस्टाचं तिकीट २००९ मध्ये निघालं होतं. इंग्रजांनी त्यांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याला फाशी दिलं. नाणी निघावीत, तिकिटं निघावीत, मला आनंदच आहे. पण स्मारक नाणं चलनात येत नाही. ते डबीत येतं, जास्त किमतीला मिळतं, ऑनलाइन नोंदणी करून शहरातला माणूस घेतो आणि कपाटात ठेवतो. बिरसा ९ जून १९०० ला रांचीच्या तुरुंगात गेले. ज्यांच्या जमिनीसाठी गेले, त्यांच्या हातात हे नाणं पडणार नाही. अशा नाण्याला 'आदिवासी वारसा' म्हणून मखमल मिळते. गोंड राजांनी स्वतः पाडलेल्या नाण्यांची आठवण तर त्याहून कमी लोकांना. गढ्याच्या संग्रामशाहाने सोळाव्या शतकात आपल्या नाण्यावर 'पुलस्त्यवंश' असं कोरलं. पुलस्त्य म्हणजे रावणाचा आजा. दसऱ्याला रावण जाळू नका म्हणणाऱ्या गोंड पोरांची दर वर्षी टिंगल होते. टिंगल करणाऱ्यांनी ते नाणं बघावं. असो, तो वेगळा लेख आहे.

या सगळ्यावर सगळ्यात कडक आक्षेप मला आत्याने घेतला. तिच्याकडे तिच्या आईचे नऊ रुपये आहेत. मी म्हटलं, मोडू नको. ती म्हणाली, "बाबू, मोडू नोको म्हनतेस, मंग दवाखान्याचे पैसे तू देशीन का?" मी देऊ शकतो, दिलेही. पण प्रत्येक घरात हैदराबादला नोकरी करणारा भाचा नसतो. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून सोनाराकडे रांग आहे. हिशोब सरळ आहे: लाखाच्या भावाने एका रुपयातली चांदी हजार-एकोणसत्तर रुपयांची. त्यातून टाक्याची घट, झिजेची घट, आणि 'जुनी चांदी आहे' म्हणून आणखी काहीतरी. उरलेलं बाईच्या हातात आणि नऊ रुपये मुशीत. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. मुशीत घालताना मात्र कुणी विचारत नाही.

म्हणून मी बायांना 'विकू नका' असं सांगत फिरत नाही. तो शहाणपणा पगार असलेल्याला शोभतो. माझं भांडण खरेदी करणाऱ्यांशी आहे. भोक नसलेला १८६२ चा रुपया तुम्ही चांदीच्या वर पैसे मोजून घेता ना? मग भोकाचा, कुठल्या गावचा, कुणाच्या माळेतला, कितव्या नंबरावर ओवलेला, एवढ्या माहितीसकट आलेला रुपया त्याहून महाग घ्या. सुटा नको, अख्खी माळ घ्या, दोऱ्यासकट. तुमच्या ग्रुपच्या यादीत 'होल्ड' ऐवजी 'माळेतला' असा वेगळा प्रकार करा. यात कुणावर उपकार नाहीत. कोरे व्हिक्टोरिया रुपये जगात लाखोंनी आहेत. चार पिढ्यांचा क्रम शाबूत असलेली माळ दर महिन्याला कमी होते आहे. दुर्मीळ वस्तूला भाव द्यायचा हा तुमचाच नियम. भाव आला की सोनारही मुशीत घालण्याआधी थांबेल, आणि बाईच्या हातात दोन पैसे जास्त पडतील. नागपूरच्या अजब बंगल्याला, किंवा आदिवासी विकासाच्या नावाने चालणाऱ्या कुठल्याही संग्रहालयाला हे आधी सुचायला हवं होतं, पण त्यांची वाट बघत बसलो तर माळा उरणार नाहीत.

माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची जत्रा भरते. पारी कुपार लिंगोच्या गुहेकडे चढणाऱ्या गर्दीत म्हाताऱ्या बायांच्या गळ्यात अजून रुपये दिसतात. त्यांच्या सुना-नातींच्या गळ्यात गिलटाचे, साच्यातून काढलेले, राणीच्या जागी नुसता उंचवटा असलेले. मागच्या जत्रेपासून मी आणि तीन मित्र एक साधं काम करतो. परवानगी घेऊन माळेचा फोटो, दोन्ही बाजूंनी, आलेखाच्या कागदावर ठेवून. सालं क्रमाने. भोक कुठे आहे, कडी आहे की दोरा. कुणाकडून आली. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही, फक्त तालुका. फोनवर चालणारा फॉर्म आहे, नेटवर्क नसलं तरी भरता येतो. सगळ्यांत शेवटचा रकाना आहे: 'मोडायची आहे का?' तो आम्ही नंतर घातला, कारण लोक स्वतःहून सांगत होते.

आतापर्यंतच्या नोंदींपैकी एक अशी आहे. तालुका सडक अर्जुनी. सतरा रुपये, चार अधेल्या. सगळ्यात जुना १८४०, सगळ्यात नवा १९१९. सगळ्यांना भोक, राणीच्या आणि राजाच्या डोक्यावर, बरोबर मधोमध. दोरा दोनदा बदललेला. आईकडून मुलीला, तीन वेळा. मोडायची आहे का: हो, पोळ्यानंतर, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी.